हत्तीचा डोळा आणि माझी नोंदवही

४ एप्रिल, गुरुवार

निवृत्त होऊन आज चौथा दिवस. निरोप समारंभात सगळ्यांना देतात तसं मलाही भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी मात्र साहेबांना सांगून दोन कोऱ्या वह्याही मागून घेतल्या. एक ही, दैनंदिनीसाठी. दुसरी जाडजूड नोंदवही, लाल पाठीची, चारशे पानी. तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण अशी वही सोडून येणं जिवावर आलं. एकतीस वर्षं अभिलेख कक्षात दुसऱ्यांचे कागद नोंदवले, लावले, शोधून दिले. एक कागद हरवला नाही. (एक हरवला होता, पण तो माझ्या रजेत.)

पहिल्याच नोंदीला मोठी बातमी आहे. संध्याकाळी माझी धाकटी बहीण आली. वय वर्षं त्रेपन्न, पण घरात अजून सगळे तिला धाकटीच म्हणतात. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "दादा, मी नोकरी सोडली."

ती एका गोदामात सहा वर्षं होती. तिथला मुकादम म्हणे दर सोमवारी सगळ्यांना गोळा करायचा आणि सूचनांचा कागद मुद्दाम हिलाच वाचायला द्यायचा. ही अडखळली की बाकीचे फिदीफिदी हसायचे. सहा वर्षं हे चाललं आणि आम्हाला हिने कधी पत्ता लागू दिला नाही. परवाच्या सोमवारी हिने तो कागद नीट चार घड्या घालून मुकादमाच्या चहात बुडवला आणि निघून आली.

तिला डिस्लेक्सिया आहे. हे कळलं तिच्या पन्नाशीत, चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी पुढे डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा. तिच्यासाठी अक्षरं एका जागी उभी राहत नाहीत. वाचते, पण फार हळू, आणि थकून जाते. बुद्धीत काडीचंही कमी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. त्यावर आमची ही म्हणाली, "ते आम्हाला माहीतच होतं," आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का बघितलं, कुणास ठाऊक.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"लोकांची घरं हलवणार. सामान बांधायचं, ट्रकमध्ये घालायचं, नव्या घरात लावून द्यायचं."

मी कपाळावर हात मारला. याद्या कोण करणार? नोंदी कोण ठेवणार? मोठ्या भावाचं कर्तव्य म्हणून मी तिच्यासाठी एक सोय केली आहे. माझ्या जुन्या कार्यालयात आवक-जावक विभागातली एक जागा १ जुलैला रिकामी होते आहे, आणि माझा शब्द तिथे चालतो.

"तिथे काय करावं लागेल?" तिने विचारलं.

"अगं काही नाही. दिवसभर आलेली पत्रं वाचायची आणि नोंदवायची."

तिने हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. तिला ते फार गोड लागलं असावं.

शेवटी करार झाला. तीन महिने तिचे. तोवर धंदा उभा राहिला नाही तर १ जुलैला मुकाट्याने रुजू व्हायचं. "आणि राहिला तर?" ती म्हणाली. "तर मी तुझा नोकर," असं म्हणून मी खो खो हसलो. आमची ही म्हणाली, "लिहून ठेवा हं." म्हणून लिहून ठेवलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आज पहिलं काम. दातांच्या डॉक्टरांचं घर. मी जाणार नव्हतो, पण धाकटी याद्यांशिवाय काय दिवे लावणार, या काळजीने गेलो. बरं झालं गेलो.

ट्रक चालवणारा मिशीवाला आहे, त्याला सगळे मिशी म्हणतात. चार हमाल. माझी ही पण पदर खोचून आली होती, गळ्यात शिट्टी अडकवून. शिट्टी कशाला, तर ट्रक मागे घेताना. इतक्या वर्षांच्या संसारात हिला शिट्टी वाजवता येते हे मला माहीत नव्हतं.

मी पाच पानी यादी केली. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, खाली आतल्या वस्तूंचा प्रकार, खाली माझी सही. धाकटी मात्र खडू घेऊन खोक्यांवर चित्रं काढत सुटली. स्वयंपाकघराच्या खोक्यावर किटली. न्हाणीघरावर बादली. डॉक्टरांच्या आईच्या खोलीला काठी आणि चष्मा. मी म्हटलं, "अगं, बालवाडी आहे का ही?" ती म्हणाली, "तुझं तुझं चालू दे, दादा."

नव्या घरी सगळं दीड तासात जागच्या जागी लागलं. डॉक्टर थक्क. माझी यादी किती उपयोगी पडली हे त्यांना दाखवायला मी पुढे झालो. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "यातली एकोणीस खोकी नुसती 'किरकोळ' का आहेत?" मी म्हटलं, किरकोळ वस्तूंची आहेत म्हणून. माणूस बरा आहे, पण कार्यालयीन कामाची समज नाही.

२ मे, गुरुवार

धाकटीने सगळ्यांना निळ्या टोप्या दिल्या आहेत. प्रत्येकाच्या टोपीवर त्याची खूण, तिच्या हाताने रंगवलेली. म्हणजे कोणाचं काय काम ते लांबून कळतं. मिशीच्या टोपीवर मिशी. हिच्या टोपीवर शिट्टी. स्वतःच्या टोपीवर तिने गोगलगाय काढली आहे, पाठीवर घर घेतलेली.

माझ्या टोपीवर बेडूक आहे.

पण बेडूक! डोळे बटाट्याएवढे, तोंड आ वासलेलं, खाली काहीतरी पसरलेलं, बहुतेक पान किंवा डबकं. एकतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाने डोक्यावर बेडूक घेऊन हिंडायचं. हिला विचारलं तर ती टोपीकडे बघून हसत सुटली आणि म्हणाली, "हुबेहूब आहे."

४ मे, शनिवार

अजून रुसलेलो आहे. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ मे, रविवार

महिन्याभरात चार घरं झाली. लोक खूश होतात, पण चार घरांवर ट्रक आणि पाच माणसं पोसली जात नाहीत. धाकटी आता हसते कमी. काल चहा पिताना म्हणाली, "दादा, त्या आवक-जावकमध्ये पत्रं मोठ्याने वाचून दाखवावी लागतात का रे?" मी म्हटलं, साहेब चष्मा विसरले तर लागतात. "किती वेळा विसरतात?" मी म्हटलं, रोज.

चहा अर्धाच टाकून ती उठली.

आता इथे एक गोष्ट लिहितो. ती कुठेच नोंदवलेली नाही, आणि नोंद नसलेली गोष्ट मला सहन होत नाही.

लहानपणी तिचे धडे मी वाचून दाखवायचो. रोज संध्याकाळी, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून. मी ओरडून वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची आणि तिला सगळं पाठ व्हायचं. स्वल्पविरामासकट. बाबा तिला ढ म्हणायचे, पण ऐकलेला धडा ती कधी विसरली नाही. ती सातवीत असताना, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, मैदानावर माझे सवंगडी खोळंबले होते. मी इतिहासाचे दोन धडे गाळले. मधली पानं एकदम उलटली आणि पुढचा धडा सुरू केला. तिला काय कळणार, असं वाटलं. परीक्षेत नेमके तेच दोन धडे आले. ती नापास झाली. वर्ष गेलं. बाबा म्हणाले, ढ ती ढच. मी तिथेच बसलो होतो आणि मूग गिळून गप्प राहिलो.

एक्केचाळीस वर्षं झाली. आज लिहिलं. बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

३ जून, सोमवार

मोठं काम चालून आलं आहे! गावातलं मोठं वाचनालय दोन गल्ल्या पलीकडच्या नव्या इमारतीत जाणार आहे. बावीस हजार पुस्तकं. दंतवैद्य तिथले सभासद, त्यांनीच आमचं नाव सुचवलं. (माझ्या यादीचा परिणाम.)

ग्रंथपाल बाई कडक आहेत. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजून मापून. धाकटीने त्यांना सरळच सांगून टाकलं की मी फार हळू वाचते, मला डिस्लेक्सिया आहे. मी टेबलाखालून तिला पाय मारला, पण तो बाईंना लागला.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येत नाही आणि तुम्ही वाचनालय हलवणार?"

धाकटी म्हणाली, "बाई, पुस्तकं हलवायची आहेत ना? वाचणारा माणूस लावलात तर तो पहिल्याच कपाटाशी वाचत बसेल."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा वर सरकवला. मग धाकटीने खिशातून सुतळी काढली आणि कपाटं मापत सुटली. प्रत्येक फळीवरची पुस्तकं किती लांब भरतात तेवढी सुतळी तोडायची, गाठ मारायची. दीड तासात तिने सांगितलं, खोकी पाचशे अठ्ठ्याण्णव लागतील. दुसऱ्या एका कंपनीने संगणकावर हिशेब करून सातशे सांगितली होती म्हणे.

करारपत्र वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे. अकरा पानी होतं. बाई फोनवर होत्या, धाकटी खिडकीबाहेर बघत होती, आणि मधली कलमं इतकी रटाळ होती की मी पुढे सरकलो.

"दादा," ती वळूनही न बघता म्हणाली, "दोन पानं एकदम उलटलीस."

कसं कळलं कोण जाणे. मी म्हटलं, चिकटली होती. परत मागे आलो. तिथेच खरी मेख होती. २३ जूनच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रत्येक खोकं नव्या दालनात आपापल्या जागी हवं, एकही पुस्तक कमी नको. नाहीतर काम झालंच नाही असं धरणार. आणि नीट झालं, तर त्यांच्या बाकीच्या चार शाखांचं स्थलांतरही आम्हालाच.

धाकटीने विचार केला आणि सही केली. सही करताना तिची जीभ थोडी बाहेर येते, लहानपणीसारखी. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे झालं तर धंदा उभा राहिला, दादा. नाही झालं तर मी येते तुझी पत्रं वाचायला."

२० जून, गुरुवार

बांधाबांध पूर्ण. माझी लाल नोंदवही अखेर सार्थकी लागली! पाचशे अठ्ठ्याण्णव खोकी, प्रत्येकाचा क्रमांक, त्यातली पुस्तकं, कपाट, फळी. तीन दिवस लिहीत होतो. बोटं सुजली. ग्रंथपाल बाईंनी वही उघडून बघितली आणि पहिल्यांदा मान डोलावली. "अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. रात्री हिला सांगितलं. ती म्हणाली, तीन वेळा सांगून झालं.

धाकटीचा मात्र पोरखेळ चालूच. प्रत्येक दालनातली खोकी तिने कपाटांच्या आणि फळ्यांच्या क्रमानेच भिंतीसारखी रचून घेतली, साधारण चौदा आडवी, सात उभी, आणि त्या अख्ख्या भिंतीवर रंगाचा ब्रश घेऊन एकेक चित्र काढलं! एका दालनात मासा. एकात होडी. एकात छत्री. मोठ्या दालनात तर हत्ती, छतापर्यंत. त्रेपन्न वर्षांची बाई शिडीवर चढून हत्तीचे कान रंगवते आहे आणि खाली चार हमाल "ताई, शेपूट राहिली" म्हणून ओरडताहेत. मी म्हटलं, "यात अर्धा दिवस गेला." ती म्हणाली, "तुझं तुझं चालू दे." हे तिचं वाक्य आता मला पाठ झालं आहे.

शेवटचं खोकं शब्दकोशांचं होतं. मोठ्या दालनातल्या भिंतीत त्याच्यासाठी एक भोक ठेवलं होतं. खोकं भरलं तरी त्यात दोन बोटं जागा उरली. धाकटीचा दंडकच आहे की खोक्यात काही हलता कामा नये. आणि माझा दंडक आहे की टेबलावर काही उरता कामा नये. आजूबाजूला बघितलं, तेवढ्या जाडीची एकच वस्तू होती. ती अगदी घट्ट बसली. अर्थात आधी रीतसर नोंद केली, मगच आत घातली. खोकं बंद केलं. कामात इतकी शिस्त आताच्या लोकांत राहिलेली नाही.

२२ जून, शनिवार

कालपासून वाहतूक चालू. माझ्याकडे एकूण देखरेख. दोन्ही दिवस उन्हातान्हात उभं राहून गुडघे बोलायला लागले, म्हणून काल सकाळीच बसायला एक खोकं निवडून घेतलं. शब्दकोशांचं असल्यामुळे भक्कम. एका बाजूला कोणीतरी काळा रंग सांडून ठेवलेला, हा एवढा थोरला गोळा. पँटला लागू नये म्हणून ती बाजू खाली केली. ट्रकच्या केबिनमधली मधली जागा मोडकी आहे, तिथेही तेच ठेवून बसतो. नव्या इमारतीच्या दारातही तेच. मिशी म्हणाला, "मोठे साहेब, तुम्ही सिंहासन बरोबर घेऊनच फिरता." मी दुर्लक्ष केलं.

हमाल नव्या दालनांत खोकी लावताना चित्रं जुळवताहेत. "माशाचा कल्ला आण रे," "होडीचं शीड उलटं झालं," असा गोंधळ. एकाचीही नजर माझ्या क्रमांकांकडे नाही. म्हटलं, लावू द्या. उद्या मी नोंदवही उघडीन तेव्हा खरं काय ते कळेल.

२३ जून, रविवार

आधी लिहितो, मग झोपतो.

दुपारी तीनला ग्रंथपाल बाई आल्या. मासा, होडी, छत्री, सगळी चित्रं पुरी झालेली. मोठ्या दालनात हत्ती उभा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला डोळा नाही."

खरंच नव्हता. डोळ्याच्या जागी भोक. पाचशे सत्त्याण्णव खोकी हजर, एक गायब.

धाकटी पांढरीफटक पडली. बाई मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या नोंदवहीत बघा, त्या खोक्यात काय आहे ते." मी म्हटलं, आत्ता सांगतो. पिशवीत हात घातला. वही नाही. ट्रकमध्ये नाही. हिच्या पर्समध्ये नाही. आणि मग आठवलं.

"वही... बांधली गेली," मी म्हणालो.

"कुठल्या खोक्यात?" बाई म्हणाल्या.

"त्याची नोंद आहे."

"कुठे?"

"वहीत."

इतकी शांतता वाचनालयातसुद्धा मी कधी ऐकली नव्हती. मी समजावून सांगितलं की नोंद अगदी अचूक आहे, क्रमांकासकट, सहीसकट. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मिशी तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेला.

मग शोधाशोध. जुनी इमारत, जिने, ट्रकच्या खाली. हमाल गल्लीगल्लीत फिरून आले. चार वाजले. साडेचार. धाकटी धावत नव्हती, ओरडत नव्हती. हत्तीसमोर उभी राहून तिने डोळे मिटले होते, जिन्याच्या पायरीवर मिटायची तसे. सातवीत हिचं एक वर्ष मी घालवलं, आणि आता हे. दारात जाऊन मी खोक्यावर मटकन बसलो आणि डोकं धरलं.

धाकटीने डोळे उघडले. "शुक्रवारी सकाळी डोळा भिंतीत होता," ती म्हणाली. "सोंडेच्या वरचं खोकं हमालांनी काढलं तेव्हा मी बघितला. मग दादा तिथे आला. गुडघे दुखताहेत म्हणाला." मग ती माझ्याकडे बघायला लागली. हीसुद्धा बघायला लागली. मग सगळेच.

"अहो," ही म्हणाली, "उठा."

मी म्हटलं, "मला जरा बसू दे गं, माझी अवस्था बघतेस ना."

"बघतेय. उठा."

उठलो. धाकटीने खोकं उलटं केलं. काळा गोळा. मधे पांढरा ठिपकाही काढला होता तिने, चमक म्हणून. हत्ती तीन दिवस माझ्या बुडाखालून जमिनीकडे बघत होता.

चौघा हमालांनी खोकं उचलून भोकात बसवलं. पाचला सात मिनिटं कमी. बाईंनी लगेच परीक्षा घेतली, तीन पुस्तकांची नावं सांगितली. धाकटी म्हणाली, "नाव नका सांगू, जुन्या दालनात कुठे होतं ते सांगा." बाई म्हणाल्या, खिडकीजवळ, खालून दुसरी फळी. धाकटी म्हणाली, "म्हणजे मागच्या पायाचं नख." खोकं उघडलं. तिथेच होतं. दुसरं सोंडेच्या टोकात, तिसरं कानाच्या पाळीत. मग हमालांनी हत्ती उलगडत उलगडत पुस्तकं फळ्यांवर चढवायला घेतली, आणि प्रत्येक फळीवर तिची सुतळी टोकाला टोक जुळत गेली. बाईंनी पाच वाजता काम झाल्याचा कागद लिहून दिला आणि बाकीचं लावणं होईपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या.

नोंदवही सापडली. शेवटच्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: 'खोके क्रमांक ५९८. शब्दकोश सहा. नोंदवही एक.' बाईंनी ती ठेवून घेतली. नव्या इमारतीच्या काचेच्या कपाटात मांडणार आहेत. मी म्हटलं, अक्षरासाठी का? त्या म्हणाल्या, "हो हो, अक्षरासाठी."

२५ जून, मंगळवार

आज सांगून टाकलं.

धाकटी आमच्या स्वयंपाकघरात टोप्या धूत होती. मी दारातच उभा राहून एका दमात म्हणालो, "सातवीत इतिहासाचे दोन धडे मी गाळले होते. खेळायला जायचं होतं. तू नापास झालीस ती माझ्यामुळे."

तिने टोपी पिळली. म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दोन पानांचा आवाज वेगळा येतो रे. आणि डोळे उघडले तर पुस्तक डावीकडे एकदम जाड झालेलं. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे मित्र मैदानावर हाका मारत होते. मी म्हटलं, जाऊ दे याला. दोन धड्यांनी काय होतंय!" आणि ती हसायला लागली. "झालं की रे! चांगलंच झालं!"

मला हसू येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अठ्ठावन्न वर्षांच्या घोड्याच्या. एक्केचाळीस वर्षं तिला माहीत होतं आणि बाबा ढ म्हणत होते तेव्हाही तिने माझं नाव घेतलं नाही.

"सॉरी गं," मी म्हणालो. हा शब्द मी तिला कधी म्हटल्याची नोंद नाही.

तिने माझी टोपी दोरीवर वाळत घातली. मी नाक पुसत म्हटलं, "आता त्या बेडकाचंही सांगून टाक. मी इतका का वाईट दिसतो?"

"कुठला बेडूक?"

"माझ्या टोपीवरचा."

तिने टोपी परत खाली घेतली आणि माझ्या नाकासमोर धरली. "दादा, हा तू आहेस. हा तुझा चष्मा. हे तोंड, ओरडून वाचणारं. हे खाली पुस्तक. बाकी घरात मला वाचून दाखवणारं दुसरं कोण होतं?"

ही पाठीमागून म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. हुबेहूब आहे म्हटलं नव्हतं का?"

मी ओली टोपी तशीच डोक्यावर घातली.

१ जुलै, सोमवार

सकाळी जुन्या कार्यालयात फोन करून कळवलं की आमची बहीण येणार नाही. साहेबांनी विचारलं, मग तुम्हीच येता का? मी म्हटलं, मला नोकरी लागली आहे. ४ एप्रिलची नोंद हिने स्वतः काढून धाकटीसमोर ठेवली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मालकीणबाईंनी मला कामाची वेळ नऊ ते पाच दिली आहे आणि खोक्यांवर बसायची सक्त मनाई.

दुपारी बाकीच्या चार शाखांचं करारपत्र आलं. तेवीस पानी. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वाच."

मी उभा राहिलो आणि ओरडून वाचलं. एकेक पान, एकेक कलम. रटाळ कलमं तर दोनदा वाचली. मिशी ट्रकमध्ये झोपला होता तो उठून विचारायला आला की भांडण कोणाचं चाललंय. शेवटचं पान संपलं, तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता आणि फोन नंबर होता, तोही वाचला.

"पुरे आता, दादा," ती म्हणाली.

"थांब," मी म्हणालो, आणि मागचं कोरं पान उलटून दाखवलं.